महिला सभेची वही

अक्काताई केस्तेंनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

"तम्मानं पाठवलंय. आता लागणार न्हाई म्हणाला."

मी कार्ड शोधायला लागलो. समोरचं माणूस अडचणीतलं काही बोलणार असं वाटलं की मी कार्ड शोधतो. करंजोळीच्या ग्रामपंचायतीची लायब्ररी मी तेव्हा एकोणीस वर्षं सांभाळत होतो आणि माझे निम्मे संवाद त्या कार्डांच्या डब्यात तोंड घालून झाले आहेत.

तम्मा म्हणजे अक्काताईंचा मुलगा तम्माण्णा. सव्वीस वर्षांचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, त्यामुळे दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याच्या गावी डायलिसिस. चार तास एका हातात सुया आणि एक हात मोकळा. त्या मोकळ्या हातासाठी मी पातळ पुस्तकांची एक वेगळी फळीच लावली होती. शंभर पानांच्या आतली, वजनाला हलकी. स्वतःविषयी मला फारसं बरं कधी वाटलं नाही, पण ती फळी बघून वाटायचं.

"दुसरं देऊ का?" मी विचारलं.

"कशाला? जायचंच न्हाई तर वाचणार कवा?"

"जायचं नाही म्हणजे?"

"गेल्या शुक्रवारी येताना गाडीवरनं घसरला. मालननं मागं हात घालून धरला म्हणून डोकं वाचलं. काल मंगळवारी उठलाच न्हाई. म्हणाला, आई, बस झालं आता."

करोनाची दुसरी लाट ओसरली होती, पण आमच्या गावाची एसटी काही परत सुरू झाली नव्हती. बाबगोंडाची जीप होती. तो आजारी माणूस म्हटलं की काच वर करायचा. राहिली गावच्या आशा कार्यकर्तीची, मालन आवळेची, स्कूटर. सत्तावीस किलोमीटर ती तम्माला मागे बसवून न्यायची आणि आणायची. जाताना तो बसू शकायचा. येताना त्याच्यात जीव नसायचा.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"एक बारी चुकली तर चालंल म्हणाले. दुसरी चुकवू नका. म्हंजे परवाचा शुक्रवार."

एवढ्यात ग्रामसेवक खराडे आत आले. मास्क हनुवटीवर, बगलेत लाल बांधणीची वही.

"अण्णा, महिला सभेची वही. सह्या झाल्यात. वरचं तेवढं लिहून टाका. उद्या ग्रामसभा आहे, दहाला."

"काय लिहायचं?"

"कमान. वेशीत. साथीत गेलेल्या नऊ जणांची नावं दगडावर कोरायची. साथीचा निधी आलाय, तो त्यात बसवायचा. कागदावर जनजागृतीची कमान म्हणा. महिलांची एकमुखी मागणी."

"कुठल्या महिलांची?" अक्काताईंनी विचारलं.

खराडेंनी त्यांच्याकडे आत्ता पाहिलं. "तुमची पण सही आहे की त्यात."

"सोमवारी शिपाई आला, हातावर ते गार पाणी वतलं आन् सही घेतली. लशीची यादी हाय म्हणाला."

"त्याला नीट सांगता आलं नसेल."

"आसंल." अक्काताई दाराकडे वळल्या. "कमान करताय तर नऊ नावांच्या खाली जरा जागा सोडा म्हणावं सरपंचांना. माझ्या तम्माचं बसंल एवढी."

त्या गेल्यावर खराडेंनी वही टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "अक्षर नेहमीसारखं येऊ द्या." आणि तेही गेले.

इथे ही वही काय होती ते सांगायला हवं. नियम असा की ग्रामसभेआधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यायची आणि तिथे त्यांना काय हवं ते ठरावात लिहून ग्रामसभेपुढे ठेवायचं. करंजोळीत ती सभा कधी झाली नाही. शिपाई वही घेऊन घरोघर जायचा, पानाच्या खालच्या अर्ध्या भागात सह्या आणि अंगठे घ्यायचा, वरचा अर्धा भाग कोरा राहायचा. तो भाग मी लिहायचो. अक्षर चांगलं, भाषा शुद्ध, आणि मी कुणाला काही बोलणार नाही याची सगळ्यांना खात्री. लायब्ररीची खोली पंचायतीची, वीज पंचायतीची, फळ्या सरपंच धनपाल मगदूमांनी स्वतः लक्ष घालून करवून दिलेल्या. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ती वही वाचून दाखवायचं कामही माझंच. मला चारचौघांत बोलता येत नाही, जीभ अडखळते. पण समोर लिहिलेलं असलं की अडखळत नाही.

वही घेऊन मी दुपारी घरी गेलो. जेवायला बसताना ती खुर्चीवर ठेवली, आणि हात धुऊन आलो तर पद्मावती ती उघडून बसली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझं काही उघडून वाचलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी का उघडली कुणास ठाऊक. मी पिशवीत ठेवायला विसरलो, एवढंच.

"हे काय?" ती म्हणाली. "सूचक, सौ. पद्मावती श्रीपाल उपाध्ये."

"ठराव कुणीतरी मांडला असं लिहावं लागतं. त्याला सूचक म्हणतात."

"ते कळतंय मला. मी कधी मांडला?"

मी पानात भात वाढून घेतला.

"पुढच्या पानावर पण मीच. त्याच्या पुढं पण मीच." ती पानं उलटत गेली. "अहो, चौदा वर्षं मीच आहे की. चावडीला ऑइलपेंट द्यावा, मी म्हणाले. व्यायामशाळेला आरसे बसवावेत, मी म्हणाले. सरपंचांचं अभिनंदन केलंय मी. दोनदा."

"कुणाचं तरी नाव घालायला लागतं."

"मग माझंच का?"

"दुसऱ्या बाईचं घातलं तर तिच्या घरचे विचारतील."

"आणि तुमच्या घरचं कोण विचारणार नाही."

आमटी गार होत होती. तिनं शेवटचं पान उघडलं. वर कोरं, खाली बासष्ट सह्या. चौथी तिची होती.

"हे लशीच्या यादीचं पान आहे ना?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कमानीचं, अक्काताईंचं, शुक्रवारचं. सांगताना मी ताटाकडेच बघत होतो. सांगून झाल्यावर म्हणालो, "मी आजवर कुणाचं वाईट लिहिलं नाही. आरसे काय, रंग काय, त्यात कुणाचं नुकसान नव्हतं."

"या चौदा वर्षांत मला काय पाहिजे ते एकदा तरी आलंय का यात?"

"काय पाहिजे होतं तुला?"

"आता विचारताय." ती उठली, चपला घातल्या. "जेवून घ्या. आणि चार वाजता लायब्ररी उघडी ठेवा. नियमात सभा आहे ना? मग घेऊ."

चार वाजता चोवीस बायका आल्या. मी मोजल्या, कारण त्यातल्या वीस जणी लायब्ररीत पहिल्यांदा येत होत्या. मास्क, पदर, एक-दोन कडेवरची मुलं. खुर्च्या सहा होत्या. बाकीच्या खाली बसल्या. मालन दारात उभी राहिली. तिच्या उजव्या कोपरावर पट्टी होती, शुक्रवारी तम्माला धरताना खरचटलं तिथे.

पद्मावती मला म्हणाली, "तुम्ही फक्त लिहा. बोलू नका."

एवढं सोपं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

मालन म्हणाली, "गाडी पायजे. एक गाडी, डायव्हर धरून, गावात उभी. वरीसभर. डायलिसिसचं पेशंट, बाळंतिणी, दम लागल्यालं माणूस. फोन केला की निघायची."

"आन् पाण्याचं काय?" कुणीतरी विचारलं. दुसरीला अंगणवाडीचं छप्पर हवं होतं. तिसरी म्हणाली, लोकांनी कर्ज काढून औषधं घेतली त्याचं आधी बघा. दहा मिनिटं सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि मला जाणवलं की मी लिहिलेल्या एकाही सभेत कुणी कुणाला तोडून बोललं नव्हतं.

मग शेवंताबाई बोलल्या. मे महिन्यात त्यांचे मालक गेले होते. नऊ नावांतलं एक.

"कमान होऊ दे की गं," त्या म्हणाल्या. "त्यास्नी शेवटचं बघायला पण मिळालं न्हाई. गाठोडं करून नेलं. कुटंतरी नाव तरी ऱ्हाऊ दे."

मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. यावर कुणी काय बोलणार?

मालन आत आली आणि त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "काकू, काकास्नी दम लागला तवा मी तुमच्या दारात हुतो का न्हाई?"

"हुतीस."

"किती घरं फिरलो आपण गाडीसाठी?"

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"सात," मालनच म्हणाली. "सातव्या दारातनं माघारी येईपतूर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "दगडावर नाव लिवायला मीबी येतो काकू. पर आधी ते दहावं नाव ऱ्हाऊ दे बाजूला."

कोपऱ्यात अक्काताई मान खाली घालून बसल्या होत्या. शेवंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिवा अण्णा. गाडी."

मी लिहिलं. सूचक म्हणून कुणाचं नाव घालायचं ते विचारलं. विचारायची माझी ती पहिलीच वेळ. पद्मावती म्हणाली, "माझंच घाला. सवय झालीय त्या वहीला." सगळ्या हसल्या. अनुमोदन शेवंताबाईंचं. शेवटी मी एक ओळ आणखी घातली: खालील सह्या सभेपूर्वी सोमवारी घेतल्या आहेत, प्रत्यक्ष सभेस चोवीस महिला हजर होत्या. ती ओळ घालावी की नाही यावर मी अर्धा तास घालवला. खराडे वही न्यायला आले तर काय, या भीतीनं सकाळपर्यंत ती तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. साथीमुळे अंतर ठेवून बसायचं म्हणून शिपायानं चुन्याच्या फक्कीनं वर्तुळं आखली होती, चाळीस. दहाच्या आधीच चाळीसही वर्तुळांत पुरुष बसलेले. मी कडेच्या टेबलापाशी उभा होतो. पद्मावती सकाळी माझ्याआधीच घरातून बाहेर पडली होती आणि ती कुठेच दिसत नव्हती.

सव्वादहाला बायका फाटकातून आल्या. काल चोवीस होत्या. आज त्याहून किती जास्त ते मला मोजता आलं नाही. शिपाई आडवा गेला.

"जागा न्हाई. गोल संपल्यात."

पद्मावतीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिच्या हातात आमच्या देव्हाऱ्याखालचा रांगोळीचा डबा होता. तिनं पुरुषांच्या शेवटच्या रांगेमागे वाकून एक वर्तुळ काढलं, त्यात बसली, आणि डबा मागे दिला. डबा हातोहात फिरत गेला. थोड्या वेळात अर्धं पटांगण वर्तुळांनी भरलं. कुणी घाईत काढलेली, कुणी सवयीनं कडेला चार ठिपकेही दिलेले. आमच्या गावाच्या ग्रामसभेत एवढ्या बायका एकत्र बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. पुरुष माना वळवून आपापली बायको शोधत होते.

सरपंच धनपाल मगदूम शांत माणूस. त्यांनी हसून सगळ्यांना नमस्कार केला. "आया-बहिणी आल्या, आनंद आहे. अण्णा, महिला सभेचा ठराव वाचा."

मी मास्क खाली केला आणि वाचायला लागलो. आवाज नेहमीसारखा लागला. सभा लायब्ररीत, दुपारी चार वाजता. हजर चोवीस. चर्चेत आलेले विषय पाणी, छप्पर, औषधांची कर्जं. कमानीविषयी झालेलं बोलणं. साथीच्या निधीतून सर्वप्रथम आजाऱ्यांसाठी एक वाहन चालकासह वर्षभर गावात...

"थांबा," सरपंच म्हणाले. "हे काय वाचताय?"

"ठ-ठराव."

"असा ठराव नाही. खराडे?"

खराडेंचा चेहरा पांढरा पडला होता. सरपंचांनी माझ्या हातातून वही घेतली, पान वाचलं, आणि त्यांचं हसू गेलं.

"अण्णा, नऊ माणसं गेली. माझा सख्खा भाऊ गेला त्यात. त्यांची आठवण या गावानं ठेवायची नाही?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. मागून शेवंताबाईंचा आवाज आला, "माझ्या मालकांचं नाव मागनं लावा सरपंच. आधी गाडी."

"काकू, तुम्ही बसा. तुम्हाला कुणीतरी शिकवलंय. अशी सभाच झालेली नाही." त्यांनी वही वर धरली. "महिला सभा आपल्या गावात कधी होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

आपण काय कबूल केलं ते वाक्य तोंडातून गेल्यावर बहुतेक त्यांनाही कळलं असावं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

समोर काही लिहिलेलं नव्हतं. पद्मावती रांगोळीच्या वर्तुळात मांडीवर हात ठेवून बसली होती, माझ्याकडे बघत. ती मदत करणार नव्हती.

"बरोबर आहे. चौ... चौदा वर्षं झाली नाही. त्या वहीतली सगळी पानं मी घरी बसून लिहिली. रंग, आरसे, अभिनंदन, सगळं. एकही बाई त्यातलं एक अक्षर बोललेली नाही. खोटं आहे ते. का-काल झाली. पहिल्यांदा. एवढं एक पान खरं आहे."

"अण्णा, गप्प बसा," खराडे खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्ही अडकाल."

"अडकेन की. अक्षर माझंच आहे." मी टेबल धरलं. "हे पान रद्द करायचं असेल तर आधीची सगळी करा. वरच्या साहेबांकडे तक्रार मीच लिहून देतो. माझं अक्षर त्यांना वाचता येईल."

मागे कुणीतरी हसलं. मग मालन उठली. "हात वर करायचा आसतो ना ठरावाला? मग घ्या की हात."

"उद्या शुक्रवार हाय," अक्काताई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. बस, एवढंच.

पहिले हात मागून वर गेले, बांगड्यांच्या आवाजासकट. पुढचे पुरुष सरपंचांकडे बघत होते. मग चुन्याच्या वर्तुळात एक हात वर झाला, बाबगोंडा जीपवाल्याचा, आणि मला दिसलं की त्याची बायको त्याच्या पाठीवर नजर रोखून बसली होती. त्यानंतर थोडे थोडे करत बरेच झाले. खराडेंनी हात दोनदा मोजले. सरपंचांनी निकाल सांगितला नाही, त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लिहा. मंजूर."

दुपारी ते लायब्ररीत आले. एकटेच. फळ्यांवरून हात फिरवला.

"या मी करवून दिल्या तुम्हाला."

"हो."

"मला आधी सांगितलं असतंत, तर मी काढला असता काहीतरी मार्ग."

असता का? मी अजूनही कधी कधी विचार करतो.

"किल्ली द्या, अण्णा."

मी दिली. लायब्ररी पुढे दोन वर्षं बंद राहिली. वरून चौकशीला एक साहेब आले, माझा जबाब घेऊन गेले, आणि त्याचं पुढे काही झालं नाही. कमान झाली, नंतरच्या वर्षी, लोकवर्गणीतून. तिच्यावर नऊच नावं आहेत.

ठरावातली गाडी यायला सव्वा महिना लागला. तोपर्यंत दर मंगळवारी आणि शुक्रवारी तम्माला बाबगोंडानं नेलं. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच अक्काताईंच्या दारात जीप लावून उभा राहिला. काच खाली होती.

नव्या गाडीच्या पहिल्या मंगळवारी ती आमच्या फाटकापाशी थांबली. मी ओट्यावर होतो, पद्मावती शेंगा सोलत होती. तम्मानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा सुजलेला होता, पण डोळे जागे.

"अण्णा, पुस्तक."

"लायब्ररीला कुलूप आहे रे."

"घरातलं द्या की."

"थांब," मी म्हणालो. उठताना मनात घरातली पातळ पुस्तकं मोजत होतो. "दोन-तीन निघतील माझ्याकडे. एकदम हलकी. एका हातात..."

"अण्णा, जाड न्हाई का?"

"जाड कसं धरशील?"

"मांडीवर ठिवायचं. पातळ दीड तासात संपतंय. मग अडीच तास वरच्या पंख्याकडं बघत बसतोय मी."

"मग सांगायचं नाहीस का? मी तर तुझ्यासाठी मुद्दाम पातळ..."

"मी कुटं मागितली हुती?" तो म्हणाला. "तुमीच काढून ठिवायचा."

पद्मावतीचे हात शेंगांत थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी दारापर्यंत गेलो होतो. तिथून वळून परत फाटकापाशी आलो, खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

"तम्मा," मी म्हणालो, "तुला कसलं पुस्तक पाहिजे?"